ऑक्टोपस घरात आणावा का?

गेल्या अंकात आम्ही पिंजऱ्यातल्या पक्ष्यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र अगदी वेगळे निघाले. ठाणे जिल्ह्यातल्या एक वाचक भगिनी लिहितात की, सातवीतल्या मुलाने मोबाईलवर अमेरिकेतल्या एका घरातला पाळीव ऑक्टोपस पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ईदीचे पैसे राखून ठेवले आहेत, फिशटँक कुठे ठेवायचा ती जागाही ठरली आहे. अब्बा म्हणतात, आणून देऊ. दादीअम्मा म्हणतात, असले जनावर घरात नको. आणि अम्मीचा प्रश्न असा की, हे जायज आहे का आणि मुळात आपल्याला जमण्यासारखे आहे का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलगा काही अशक्य गोष्ट मागत नाही. अमेरिकेत लोक खरोखरच ऑक्टोपस पाळतात. त्यातली सर्वांत परिचित जात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची. तिच्या दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळसर गोल ठिपका असतो, म्हणून तिला ‘दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस’ म्हणतात. धड वीतभराहून लहान, हात मात्र दोन-अडीच वीत लांब. स्वभावाने धीट, दिवसा बाहेर येणारा, माणसाकडे टक लावून पाहणारा. मेक्सिकोच्या आखातात आणि कॅरिबियन समुद्रात याहूनही लहान, तळहातावर मावणाऱ्या जाती आहेत. पण त्या रात्री हिंडतात, दिवसभर शिंपल्यात दडून बसतात. त्या आणणाऱ्याला रिकाम्या टाकीकडे पाहत बसावे लागते.

ज्या घराविषयी मुलाने पाहिले ते बहुधा ओक्लाहोमा राज्यातले. २०२४ साली त्याची बातमी जगभर गेली. लहान मुलाच्या हौसेखातर घरच्यांनी हाच दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस आणला, त्याला पुरुषी नाव दिले आणि काही दिवसांनी कळले की तो ‘ती’ आहे. तिने सुमारे ५० अंडी घातली आणि त्यांतून पिल्ले निघाली. ही पिल्ले एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाची सोय वेगळी करावी लागते. मोबाईलवर हे सगळे दोन मिनिटांत संपते. त्या घरात ते महिनोन्‌महिने चालले होते.

आधी ‘जायज आहे का’ याविषयी. फतवा देणे हे आमचे काम नाही, तो मसला आपल्या आलिमांना विचारावा. पण एक घोटाळा दूर करतो. दादीअम्मांच्या मनात बहुधा खाण्याचा प्रश्न असावा. हनफी मतानुसार समुद्रातला मासाच खाण्यास हलाल आहे. शाफई मतात समुद्री जिवांना बरीच मोकळीक आहे आणि कोकणातली आपली बहुतेक घरे शाफईच. खाण्याचा हुकूम वेगळा, पाळण्याचा वेगळा. आपण मांजर खात नाही, पण पाळतो.

पाळण्याविषयी दोन हदीस सर्वांना ठाऊक आहेत. हजरत अनस (रजि.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटी चिमणीसारखी पाखरी होती. प्रेषित मुहम्मद (स.) त्याच्याकडे आले की मोठ्या लाडाने त्या पाखराची विचारपूस करत. मुलाने पाखरू बाळगले यावर त्यांनी हरकत घेतली नाही. यावरूनच अनेक उलेमांनी नीट सांभाळ करणाऱ्याला पक्षी पाळण्याची मुभा सांगितली आहे. दुसरी हदीस मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिला शिक्षा झाली ती मांजर पाळले म्हणून नव्हे. तिने खायला दिले नाही, आणि स्वतः शोधून खाईल म्हणून सोडलेही नाही. कोंडायचे तर त्याची गरज पुरवायची, पुरवता येत नसेल तर कोंडायचे नाही. आमच्या मते ऑक्टोपसचा सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो. त्याची गरज काय आहे, आणि ती आपल्या घरात भागते का?

शास्त्राच्या पुस्तकात ऑक्टोपस मृदुकाय प्राण्यांत येतो, म्हणजे गोगलगाय आणि शिंपल्याचा नातलग. पण गोगलगायीशी त्याचे साम्य तिथेच संपते. त्याला तीन हृदये आहेत. रक्त निळे आहे, कारण आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असते तसे त्याच्या रक्तात तांबे असते. मज्जापेशी सुमारे ५० कोटी, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश डोक्यात नसून आठ हातांत आहेत. प्रत्येक हात स्वतःच चाचपतो, चव घेतो, वस्तू पकडतो. हाड एकही नाही. पोपटासारखी एक कठीण चोच सोडली तर सारे अंग मऊ, त्यामुळे चोच जाईल एवढ्या फटीतून सगळा प्राणी निघून जातो.

आणि तो निघून जातोच. न्यूझीलंडमधल्या नेपिअर शहरातल्या राष्ट्रीय मत्स्यालयात ‘इंकी’ नावाचा ऑक्टोपस होता. टाकीच्या झाकणाला थोडी फट राहिली. रात्री तो बाहेर आला, फरशीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्रात पोचला. ही बातमी २०१६ मध्ये सर्वत्र छापून आली. इंकीचे नशीब चांगले, त्याच्या नळाचे दुसरे टोक समुद्रात होते. आपल्या फ्लॅटच्या मोरीचे टोक कुठे असते ते सांगायला नको. घरातून निसटलेला ऑक्टोपस सहसा कपाटामागे, सुकलेला सापडतो. त्याच्या टाकीला घट्ट बसणारे, कडीकुलूप लागणारे झाकण हवे आणि पाण्याच्या नळ्या जिथून आत जातात ती छिद्रेही जाळीने बंद हवीत. २००९ मध्ये सांता मोनिका इथल्या मत्स्यालयात याच दोन ठिपक्यांच्या जातीतल्या एका मादीने पाण्याची झडप खोलून ठेवली आणि रातोरात सुमारे साडेसातशे लिटर खारे पाणी जमिनीवर वाहिले. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

आता टाकी. गोल्डफिशची बरणी धुऊन त्यात मीठ घातले की झाले, असे समजू नये. जाणकार किमान २०० लिटरची टाकी सांगतात. पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने घालावे लागते. नळाचे पाणी चालत नाही, कारण त्यात तांब्याचा अंश असला तर तो घातक. आपल्या रक्तात तांबे बाळगणारा हा जीव पाण्यातल्या तांब्याने मरतो. माशांच्या रोगावरच्या कित्येक औषधांत तांबे असते, तेही चालत नाही. टाकी भरली म्हणून लगेच प्राणी सोडता येत नाही. त्याच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढावे लागतात आणि त्याला तीन महिने तरी द्यावे लागतात. ऑक्टोपस मांसाहारी आणि खादाड, त्यामुळे घाणही पुष्कळ. साध्या फिल्टरने भागत नाही, पाण्यातली चिकट घाण फेसावाटे काढणारे स्किमर नावाचे यंत्र लागते. कॅलिफोर्नियाचे पाणी थंड. दोन ठिपक्यांच्या जातीला १५ ते २२ अंश मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातल्या टाकीचे पाणी तिसाच्या आसपास जाते. म्हणजे चिलर आला, आणि तो दिवसरात्र चालू ठेवायचा म्हणजे वीज गेल्यावरची सोयही आली. अब्बा ‘आणून देऊ’ म्हणतात तेव्हा त्यांनी एवढा हिशेब कागदावर मांडावा. प्राण्याची किंमत त्यात सर्वांत लहान आकडा ठरेल.

कोणी म्हणेल, गरम समुद्रातला लहान ऑक्टोपस मिळाला तर चिलर नको. खरे आहे. पण असा ऑक्टोपस बहुतेक वेळा समुद्रातून पकडून आणलेला असतो. त्याची जात विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरात निळ्या कड्यांचा एक ऑक्टोपस राहतो, मुठीत मावेल एवढाच. त्याच्या लाळेत फुगणाऱ्या विषारी माशात असते तेच विष असते. चावा इतका हलका की कळतही नाही, नंतर श्वास बंद पडू लागतो. त्यावर उतारा नाही. कृत्रिम श्वास चालू ठेवून विष ओसरण्याची वाट पाहणे एवढाच उपाय. छेडले की त्याचे निळे कडे चमकतात, एरवी तो साधा तपकिरी दिसतो. अनोळखी लहान ऑक्टोपस मुलांच्या घरात आणू नये, हे आम्ही इथे अगदी स्पष्ट सांगतो.

भूक हा आणखी एक विषय. ऑक्टोपसला जिवंत खेकडे, कोळंबी, शिंपले आवडतात. हळूहळू त्याला बर्फातल्या कोळंबीची सवय लावता येते, पण सुरुवातीला बहुधा जिवंतच द्यावे लागते. आपला मुलगा टाकीत जिवंत खेकडा सोडून त्याचा शेवट शांतपणे पाहू शकेल का, हे घरच्यांनीच ठरवावे. निसर्गात हेच चालते हे खरे. पण तिथे ते घडते. इथे ते आपण घडवतो.

पोट भरले तरी काम संपत नाही, कारण या प्राण्याला मन आहे. सिएटलच्या मत्स्यालयात शास्त्रज्ञांनी आठ मोठ्या ऑक्टोपसांच्या टाकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या सोडल्या. खाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांतल्या दोघांनी पाण्याची पिचकारी मारून बाटली दूर पाठवली, ती प्रवाहाबरोबर परत आली की पुन्हा पाठवली, असे पुन:पुन्हा केले. मुले भिंतीवर चेंडू मारतात तसे. पुढे त्याच मत्स्यालयात एक माणूस रोज खाऊ घालायचा आणि दुसरा टोचणाऱ्या काठीने डिवचायचा. थोड्याच दिवसांत ऑक्टोपस दोघांना वेगळे ओळखू लागले, दोघांचे कपडे एकसारखे असूनही. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये प्राण्यांच्या सुखदुःखाविषयीचा कायदा झाला, त्यात ऑक्टोपसचाही समावेश केला आहे. असा जीव रिकाम्या काचेत कोंडला तर तो कुढतो. त्याला दडायला कपारी लागतात, बरणीत झाकण लावून दिलेले खाणे लागते, रोज काहीतरी नवे लागते. परीक्षेच्या काळात, रमजानमध्ये, गावी लग्नाला गेल्यावरही.

आणि तो जगतो किती? दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस एक ते दोन वर्षे, लहान जाती त्याहूनही कमी. मादीने अंडी घातली की ती खाणे सोडते. महिनोन्‌महिने अंड्यांवर पाणी खेळवत बसते आणि पिल्ले निघण्याच्या सुमारास मरते. हे आजारपण नाही, तिच्या शरीरात असेच ठरलेले आहे. १९७७ मध्ये एका अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या डोळ्यांजवळची एक ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. अल्लाहने एवढ्याशा ग्रंथीत काय ठेवले आहे! वर्षभराचे आयुष्य म्हणजे काय ते मुलाला असे समजवावे : आपण टाकी नीट न बसल्यामुळे त्याचा एक महिना वाया घालवला, तर त्याच्या आयुष्याचा बारावा भाग आपण वाया घालवला. आणि समुद्रातून पकडलेला असेल तर त्यातले किती महिने आधीच गेले, हे कोणीच सांगू शकत नाही.

मरणाची भीती म्हणून प्राणी आणू नये, असे आम्ही म्हणत नाही. अबू उमैरचे पाखरूही मेले होते, आणि प्रेषितांनी (स.) त्या मुलाचे दुःख क्षुल्लक मानले नाही. पण पाखरू गल्लीतल्या हवेत जगते. ऑक्टोपसला आपण एक अख्खा समुद्र तयार करून द्यायचा, तोही न चुकता. अमेरिकेतले काही लोक ते करतात, त्यांच्या चिकाटीला आमचा सलाम. आपल्याकडच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात, उन्हाळ्यात, सातवीतल्या मुलाच्या भरवशावर ते होणार नाही. म्हणून अम्मीला आमचे उत्तर : आणू नका. ईदीचे पैसे मुलाकडेच राहू द्या.

मुलाला मात्र नुसते ‘नाही’ सांगून गप्प करू नका. ऑक्टोपस बघायला अमेरिकेला जावे लागत नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उरणाऱ्या डबक्यांत लहान ऑक्टोपस दिसतात. हाजी अलीच्या भोवतालच्या खडकांवर तर प्रवाळही आहेत. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, तिथले काही प्रवाळ हलवावे लागले होते. मोठी ओहोटी कधी, ते आपल्या हिजरी तारखेवरूनच कळते : चांद दिसल्यानंतरचे एक-दोन दिवस आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास. त्या दिवसांची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचावे. रबरी तळव्याची चप्पल घालावी, शेवाळावर पाय घसरतो. डबक्याजवळ उकिडवे बसून सावली न पाडता थांबावे. दगडाचा रंग हलल्यासारखा वाटला तर तिथेच नजर ठेवावी. हात लावू नये, दगड उलटला असेल तर होता तसा ठेवावा, आणि पाणी फिरले की लगेच वर यावे. मुलाने पाहिले ते वहीत लिहून आम्हाला पाठवले तर आम्ही आवडीने वाचू.