सुगंधी तेले : घरात बेताने, शेतात विचाराने

अलीकडे शहरांतील दुकानांतून लहान लहान बाटल्यांत सुगंधी तेले मोठ्या प्रमाणात विकली जाऊ लागली आहेत. त्यांच्या वासाने मन प्रसन्न होते, झोप लागते, डोकेदुखी थांबते, फार काय, जुनाट रोगही बरे होतात, अशा जाहिराती आता खेड्यापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. त्यांच्या पाठोपाठ गवती चहा, रोशा गवत, वाळा यांची रोपे देणारे आणि तेल विकत घेण्याचे आश्वासन देणारे लोकही येऊ लागले आहेत. अशा वेळी शेतकरी बंधूंनी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या तेलांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

सुगंधाची आवड आपणांस नवीन नाही. उन्हाळ्यात माठातील पाण्यात वाळ्याची जुडी टाकणे, पावसाळ्यात चहात गवती चहाची पात घालणे, कपड्यांच्या पेटीत कापूर ठेवणे या गोष्टी आपल्या घरोघरी चालत आल्या आहेत. युरोपात या विषयास शास्त्राचे नाव मिळाले ते पुढे. रने मॉरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाने सुगंधी तेलांच्या उपचाराला 'अरोमाथेरपी' हे नाव दिले आणि १९३७ साली त्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव परके असले तरी वस्तू आपल्या बांधावरची आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

ही तेले करडई किंवा भुईमुगाच्या तेलासारखी नसतात. ती उडून जाणारी असतात. गवत अगर पाने भांड्यात दाबून भरून त्यांतून वाफ सोडली म्हणजे वाफेबरोबर तेलाचा अंशही बाहेर पडतो. ही वाफ नळीतून नेऊन थंड केली की पाणी खाली राहते व तेल वर तरंगते. शुद्ध गवती चहाच्या तेलाचा थेंब कागदावर टाकून ठेवल्यास काही वेळाने तो उडून जातो. मागे तेलकट डाग राहिला तर त्यात साधे तेल मिसळले आहे असा संशय घ्यावा. मात्र कारखान्यात तयार केलेल्या कृत्रिम सुगंधाची भेसळ या परीक्षेने ओळखू येत नाही. तीसाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी.

आता आरोग्याचा प्रश्न घेऊ. मंद सुवासाने मनाला बरे वाटते, दिवसभराचा शीण हलका झाल्यासारखा वाटतो, हा अनुभव खोटा नव्हे. परंतु बरे वाटणे आणि रोग बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांसारखे रोग तेलाच्या वासाने बरे होतात, याला कोणताही भक्कम पुरावा नाही. अशा भरवशावर कोणी दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकले, तर त्याची किंमत बाटलीच्या किमतीपेक्षा फार मोठी होते. सिट्रोनेला गवताच्या तेलाने डास दूर राहतात हे खरे. पण त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. म्हणून हिवताप व डेंग्यू यांच्या दिवसांत मच्छरदाणी आणि साचलेल्या पाण्याची विल्हेवाट यांची जागा ते घेऊ शकत नाही.

घरात ही तेले वापरावयाची असल्यास पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. तेल निव्वळ स्वरूपात अंगाला लावू नये. खोबरेल अगर तिळाच्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यास दोन थेंब, एवढे प्रमाण पुरेसे असते. प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. आग झाली किंवा पुरळ उठले तर ते तेल वर्ज्य समजावे. ते डोळ्यांपासून दूर ठेवावे. वैद्यकीय सल्ल्यावाचून पोटात मुळीच घेऊ नये. निलगिरीचे तेल औषधी म्हणून घराघरांत असते. पण तेच तेल लहान मुलाने चमचाभर प्याल्यास जिवावर बेतू शकते. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात. तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ कापूर किंवा निलगिरीचे तेल लावू नये. गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रोग्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेस जाऊ नये. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, हे सांगावयास नकोच.

याहूनही साधा मार्ग असा की, बाटली विकत न घेता न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहाची चार ठोंबे आणि वाळ्याचे दोन गड्डे लावावेत. घराची हौस त्यात भागते, सांडपाणी जिरते, शिवाय वाळ्याच्या खोल मुळांनी बांधाची माती धरून ठेवली जाते. सुगंधाचा हा लाभ प्रत्येक घराला फुकट मिळण्यासारखा आहे.

परंतु घरामागे चार ठोंबे लावणे निराळे आणि दोन एकरांवर पीक घेणे निराळे. येथेच आपली खरी कसोटी आहे. शंभर किलो ताज्या गवती चहापासून साधारणपणे अर्ध्या किलोच्या आसपास तेल मिळते. हे प्रमाण जात, ऋतू व कापणीची वेळ यांवर अवलंबून असते. याचा अर्थ असा की ऊर्ध्वपातनाची भट्टी जवळ नसेल तर गवताला कडब्याइतकेही मोल नाही, कारण जनावरे ते आवडीने खात नाहीत. कापलेले गवत उन्हात पडून राहिले तर तेल उडून जाते. दूरच्या भट्टीवर न्यावयाचे तर वाहतुकीचा खर्च नफा खाऊन टाकतो. म्हणून भट्टी आधी आणि लागवड मागाहून, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये.

या बाबतीत खानदेशचा इतिहास बोलका आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी आपोआप उगवणाऱ्या रोशा गवताचे तेल तेथे पूर्वीपासून काढीत. नंदुरबारकडील हे तेल संधिवातावर गुणकारी समजले जाई. हेच तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानाकडे जात असे आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठी वापरले जात असे. कारण रोशा तेलातील मुख्य द्रव्य जेरॅनिऑल हे गुलाबाच्या तेलातही असते. माल आपल्या डोंगरातला, परंतु त्याला गुलाबाचे मोल आले ते दूरच्या व्यापाऱ्याच्या हाती. ज्याच्या हाती भट्टी, तपासणी आणि बाजारपेठ यांपैकी काहीच नाही, त्याच्या वाट्याला मोळी वाहण्याचीच मजुरी येते, हा यातील बोध आजही लागू आहे.

तरीही ही पिके टाकाऊ आहेत असे मात्र कोणी समजू नये. उताराच्या हलक्या जमिनीत, जेथे पाणी बेताचे आहे आणि रानडुकरांचा व मोकाट गुरांचा उपद्रव आहे, तेथे गवती चहा आणि रोशा गवत चांगला आधार देऊ शकतात. एकदा लावलेले पीक चार-पाच वर्षे राहते. तेल हलके, न नासणारे आणि थोड्या जागेत मावणारे असल्याने रस्त्यापासून दूर असलेल्या गावांनाही ते सोयीचे पडते. तेल काढल्यानंतर उरलेले गवत वाळवून भट्टीतच जाळता येते किंवा त्याचे खत करता येते. सुधारित जातींसाठी लखनौ येथील केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्था कार्य करीत आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सहभागाने २०१७ पासून देशात अरोमा मिशनही राबविण्यात आले आहे. रोपे अशाच विश्वासू ठिकाणांहून घ्यावीत.

माझे स्पष्ट मत असे आहे की, कोणत्याही एका शेतकऱ्याने हे पीक एकट्याने घेऊ नये. दहा-वीस शेतकऱ्यांनी गट करून सामायिक भट्टी उभारावी, तेलाचे नमुने तपासून घ्यावेत, किमान दोन खरेदीदारांशी बोलणी करावी आणि करार लेखी करावा. पहिल्या वर्षी प्रत्येकाने आपल्या जमिनीचा लहानसा तुकडाच या पिकास द्यावा. ज्वारी-तुरीची जमीन मोडू नये. रोपांचे सर्व पैसे आगाऊ मागणारा आणि खरेदीची हमी केवळ तोंडी देणारा मनुष्य दारी आला, तर त्याला पाणी द्यावे, पैसे देऊ नयेत.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. गावात तुमच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. आजाऱ्याने विचारले तर त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवा. शेतकऱ्याने विचारले तर त्याला भट्टी किती मैलांवर आहे, हा प्रश्न आधी विचारा. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर सुगंधी गवत घरात सुख आणि शेतात दोन पैसे देईल. त्या सोडून दिल्या, तर सुगंध बाटलीवाल्याचा राहील आणि कर्ज मात्र आपले होईल.