पाडेल्याच्या कमरेचा दोर

नारळी पौर्णिमेला दर्यात सोडलेला नारळ, चतुर्थीच्या माटोळीला बांधलेली नारळाची आणि सुपारीची शिपटे, देवघरातील कलशावरचे श्रीफळ आणि रोजच्या कालवणातील खोबरे, या सर्वांच्या मागे एक माणूस पन्नास-साठ फूट उंच चढलेला असतो. तो उतरून आपली मजुरी घेऊन पुढच्या भाटात गेला की यजमानाला त्याची आठवण राहत नाही. तो जेव्हा उतरत नाही, पडतो, तेव्हा मात्र वर्तमानपत्राच्या आतील पानावर चार ओळींची बातमी येते आणि गावात दोन दिवस हळहळ होते. किनारपट्टीच्या या जुन्या दुःखाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी देणारी एक घटना समुद्रापासून शेकडो मैल दूर, हैदराबादेजवळ घडली आहे. गोमंतकीयांनी आणि कोकणवासीयांनी तिचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

२०२४ च्या जुलै महिन्यात तेलंगण सरकारने रंगारेड्डी जिल्ह्यातील लष्करगुडा या गावी ताडी काढणाऱ्या कामगारांना सुरक्षा-संच वाटण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. दोर, कड्या, पट्टे आणि कंबर व मांड्यांना आधार देणारा हार्नेस अशा वस्तू या संचात आहेत. योजनेला नाव दिले गेले ते काटमय्याचे. काटमय्या हे तेथील गौड समाजाचे दैवत. ताडावर चढण्यापूर्वी त्याचे स्मरण करण्याची त्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांविरुद्ध उभा राहिलेला आणि १७०८ मध्ये वरंगळपर्यंत धडक मारणारा पापन्ना याच समाजातला. अशा मानी समाजाला ‘तुमचा देव तुम्हांला राखतोच, त्याचेच नाव घेऊन हा दोरही कमरेला लावा’ असे सांगण्यात सरकारने शहाणपणा दाखविला. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार आहे. राखणदारावरील श्रद्धा आणि कमरेचा पट्टा यांत काही विरोध आहे, असे मानण्याचे कारण नाही.

हैदराबादेतील कोठी ही वस्ती मराठी वाचकाला परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिकच्या काळात उभी राहिलेली इंग्रज रेसिडेंटाची भव्य कोठी, तिच्यावरून भागाला पडलेले नाव आणि तेथेच इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषदेचे कार्य, हा इतिहास अनेकांना ठाऊक असेल. पण कोठीची दुसरी ओळख बाजाराची आहे, आणि आमचा आजचा मुद्दा बाजाराशी संबंधित आहे. कोठीत जा, मडगावात जा, म्हापशात जा, नाहीतर सावंतवाडीत जा. दोराच्या दुकानात दोर मिळतो तो किलोवर. निळा, पिवळा, हिरवा, चकचकीत आणि स्वस्त. गाठोडे बांधायला, होडी ओढायला आणि गुरे बांधायला तो ठीक आहे. माणूस टांगायला तो ठीक नाही. हा भेद गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो आणि दुकानदाराला तो सांगण्याची गरज वाटत नाही.

हा भेद कोणता, ते थोडे तपशिलाने पाहू. बाजारातील स्वस्त रंगीत दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हात तो लवकर कुजतो आणि घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनपेक्षा फार आधी वितळतो. चढाईसाठी बनविलेल्या दोराची घडणच निराळी. आत भार पेलणारा गाभा आणि त्यावर विणलेले घट्ट कवच, जाडी साधारण अकरा ते तेरा मिलिमीटर. कवच झिजलेले दिसले की दोर बदलायचा, म्हणजे दोर तुटण्यापूर्वी आपली प्रकृती सांगतो. तरीही गाठ मारली की कोणत्याही दोराची ताकद पुष्कळ घटते आणि ओल्या नायलॉनची आणखी थोडी घटते. म्हणून ‘माणसाचे वजन साठ किलो, दोर शंभर किलोचा, मग भीती कसली’ हा हिशेब चुकीचा आहे. स्थिर वजन वेगळे आणि पडत्या देहाचा हिसका वेगळा. चढाईची पोलादी वा अल्युमिनियमची कडी सुमारे दोन हजार किलोंहून अधिक ओढ सहन करील अशी घडवितात, ती याच हिसक्यासाठी. त्या कडीचा चाप आपोआप उघडणारा नसावा. तो फिरवून बंद होणारा असावा.

पंधरा मीटर उंचीवरून निसटलेला मनुष्य पावणेदोन सेकंदांत, ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. तेवढ्या वेळात हात पकड शोधू शकत नाही. सावरण्याची जी काही व्यवस्था करायची ती निसटण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. नुसता कमरपट्टाही पुरेसा नाही, कारण पडताना सारा हिसका पोटावर आणि कण्यावर येतो. मांड्यांना आणि खांद्यांना आधार देणारा पूर्ण हार्नेसच हवा. औद्योगिक कामांसाठी अशा पट्ट्यांचे भारतीय मानक, आय. एस. ३५२१, अनेक वर्षांपासून अस्तित्वात आहे. खरेदी करणाऱ्याने ते पट्ट्यावर छापलेले आहे की नाही एवढे पाहिले, तरी निम्मे काम झाले.

पण साधन झाडाला शोभणारे हवे. आंब्या-फणसाची छाटणी करणाऱ्याला वरच्या भक्कम बेचक्यातून दोर टाकता येतो. खालून दोन माणसांनी लोंबकळून बेचका पारखायचा आणि मगच वर जायचे. माडाला फांदीच नाही. वरचे चुडत भक्कम दिसते, पण पिकले की ते हातात येते. त्याला दोर बांधणे म्हणजे वाऱ्याला बांधणे. म्हणून माडावर आधार असतो तो खोडाचाच. खोडाभोवती गुंडाळलेला, भार पडताच आवळणारा पट्टा कमरेपेक्षा खाली न जाऊ देता वर सरकवीत न्यायचा. असे पट्टे दोन हवेत. शेंड्याजवळ शिपटे आडवी आली की एक सोडण्यापूर्वी दुसरा लागलेला असावा. शिवाय कोयतीची धार ताणलेल्या नायलॉनला नुसती लागली तरी दोर गेलाच. म्हणून कापणी करताना त्यांपैकी एक पट्टा पोलादी गाभ्याचा असावा. खोडात खिळ्यांचे बूट रुतवून चढण्याची विलायती पद्धत माडाला वर्ज्यच समजावी. माडाच्या खोडाची जखम आंब्याच्या सालीसारखी भरून येत नाही.

आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर म्हणून माडावर चढण्याच्या यंत्राकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या कल्पक कारागिराने पोलादी तारेच्या दोन फासांचे जे यंत्र घडविले, त्याने हजारो नवख्यांना माडावर नेले, हे निर्विवाद आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून ‘माडाचे मित्र’ या नावाने तरुणांना त्याचे शिक्षण दिले आणि चढणाऱ्यांसाठी विमाही आणला. परंतु यंत्र चढवते, ते राखत नाही. जुन्या पाडेल्याची पायातली दोरी हेही एक यंत्रच होते. यंत्रावर उभा असलेला माणूस शिपटाकडे वाकला आणि तोल गेला, तर त्याला धरणारा वेगळा पट्टा नसेल तेव्हा यंत्र खोडावर राहते आणि माणूस जमिनीवर येतो. यंत्राला अनुदान द्यायचे आणि पट्टा ज्याच्या त्याच्यावर सोडायचा, हे धोरण नौका देऊन वल्हे विसरण्यासारखे आहे.

यावर पाडेली काय म्हणेल, हेही ऐकले पाहिजे. त्याची मजुरी तासावर नाही, झाडागणिक आहे. प्रत्येक माडावर पट्टा लावण्या-सोडण्यात चार मिनिटे गेली तर दिवसाकाठी काही झाडे कमी होतात आणि तेवढी चूल मंदावते. तो बेफिकीर नाही. त्याचा हिशेब पक्का आहे. तो हिशेब बदलायचा असेल तर बागायतदाराने झाडामागे चार रुपये अधिक मोजले पाहिजेत. पाडेली मिळत नाही म्हणून आपण सारे कुरकुरतो. पण आपल्या मुलाने हा धंदा करू नये असे त्याला का वाटते, याचा विचार कितीजण करतात? ज्या धंद्यात म्हातारपणाची खात्री नाही त्या धंद्यात तरुण येत नाहीत, एवढे साधे हे गणित आहे.

गोव्यात माडाला कायद्याचे संरक्षण आहे. २०१६ मध्ये माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे सर्वांना आठवत असेल. २०१७ मध्ये ती चूक दुरुस्त झाली आणि १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या छत्राखाली माड परत आला. त्या लढ्यात जनता जागी राहिली याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र माड तोडण्यासाठी परवानगी लागते आणि माडावर चढणाऱ्याच्या जिवासाठी कोणालाच काही लागत नाही, ही विसंगती डोळ्यांत खुपते. कारखान्यातील कामगाराच्या सुरक्षिततेचा कायदा देशात १९४८ मध्ये आला. पाडेल्याला कारखाना नाही आणि मालकही एक नाही. सकाळी एकाच्या भाटात तर दुपारी दुसऱ्याच्या कुळागरात राबणाऱ्या माणसाची जबाबदारी सर्वांची म्हणून कोणाचीच राहिलेली नाही.

म्हणूनच तेलंगणाचे उदाहरण मोलाचे आहे. तेथे मृताच्या कुटुंबाला पैसे देण्यावर न थांबता जिवंत माणसाच्या हाती दोर दिला गेला. अर्थात संच वाटले म्हणजे काम संपले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. न शिकवता दिलेला हार्नेस खुंटीवर टांगला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे उलटा घातला जातो. हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन लटकत राहिलेल्या माणसाला काही मिनिटांतच प्राणांतिक धोका होऊ शकतो. त्याला खाली कसे उतरवावे हे जाणणारा एक साथीदार जमिनीवर असलाच पाहिजे. हिसका खाल्लेला दोर वरून धडधाकट दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही, हेही शिकवावे लागते.

हे सारे आमच्या आवाक्याबाहेरचे नाही. जुने गोवे येथील एला फार्मवर केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था उभी आहे. या शिक्षणाला याहून योग्य जागा ती कोणती? प्रत्येक ग्रामपंचायतीने दोन-तीन पूर्ण संच ठेवावेत आणि नोंद करून पाडेल्यांना द्यावेत. कृषी खात्याने यापुढे यंत्राचे अनुदान पट्ट्याविना देऊ नये. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याचे ठेके देणाऱ्या नगरपालिकांनी आणि वीज खात्याने हार्नेस, शिरस्त्राण व विमा ही ठेक्याची अट करावी. वीजवाहिनीचा प्रवाह बंद केल्याची खातरजमा झाल्याखेरीज कोणालाही झाडावर चढवू नये. आणि ज्या देवस्थानांच्या मालकीची भाटे व कुळागरे आहेत त्यांनी या कामी पहिले पाऊल टाकावे. देवाच्या माडावरून देवासाठी नारळ काढताना माणूस पडणे, हे देवालाही मान्य नसेल.

गेली अनेक शतके आपण पाडेल्याचे कौशल्य आणि धैर्य गृहीत धरले. ते कौशल्य खरे आहे, ते धैर्यही खरे आहे. पण शेवाळलेल्या खोडाला त्यांची पर्वा नसते. या वर्षी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करताना प्रत्येक बागायतदाराने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा नारळ ज्याने काढला, त्याच्या कमरेला दोर होता काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढच्या पाडपापूर्वी तो आणण्याची जबाबदारी त्याची स्वतःची आहे.