उत्तर कोणी कोणाला द्यायचे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. शासन आदिवासी जनतेच्या अधिक जवळ जावे, ही त्यामागची अपेक्षा होती. आज पालघर-बोईसर मार्गावर भव्य जिल्हा मुख्यालय उभे आहे, दाखल्यांचे अर्ज संगणकावर स्वीकारले जातात आणि अनेक जिल्हा परिषद शाळांत भिंतीवर पडदे लागले आहेत. परंतु मोखाड्याच्या पाड्यावरील मुलाला चौथी संपेपर्यंत अस्खलित वाचता आले नाही, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न मुख्यालय जवळ आले तरी सुटलेला नाही.

यंत्राशी आमचे वैर नाही. वारली बोलीतून मराठीकडे नेणारा एखादा चांगला ध्वनिपाठ एकट्या पडलेल्या शिक्षकाला मोलाची मदत करील. ज्या तारापूरच्या केंद्राने १९६९ साली देशात प्रथम व्यापारी अणुवीज निर्माण केली, त्याच जिल्ह्यातील शाळेचा पडदा विजेअभावी काळा राहू नये, ही मागणीही रास्तच आहे. मात्र मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन शिक्षण मोबाइलवर गेले, तेव्हा ज्या घरांत यंत्र नव्हते आणि ज्या डोंगरात संपर्क नव्हता, तेथील शिक्षणच थांबले. यंत्राने शिक्षकाचा हात बळकट होतो. त्याची रिकामी जागा भरत नाही.

याच भूमीत १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसताच तेथे कुरणशाळा निघाली. मूल आले नाही याचा जाब संस्थेने स्वतःला विचारला आणि स्वतःची रीत बदलली. उत्तरदायित्वाचा याहून स्वच्छ धडा कोणता?

आजचा हिशेब मात्र केवळ वरच्या दिशेने जातो. उपस्थिती, पोषण आहार, चाचण्यांचे गुण असे सारे शिक्षकाने भरायचे आणि वरिष्ठांनी तपासायचे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचे गुण कमी पडले, तर दोष शिक्षकाच्या माथी. वस्तुतः २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासनालाही बांधले आहे. कलम २६ नुसार शाळेतील रिक्त जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. कलम १४ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या मुलांना या कलमाचा आधार आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात सेवेस विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हा कायदा चांगला आहे. परंतु दाखला उशिरा दिला तर दंड, आणि शिक्षकाविना गेलेल्या अख्ख्या वर्षाला मात्र दंड नाही, ही विसंगती कशी सोसायची?

काम मोजू नये, असे आमचे म्हणणे नाही. मोजमाप नको म्हणणे म्हणजे गैरहजर शिक्षकाला आणि निष्काळजी अधिकाऱ्याला अभय देणे होय. आमचा आग्रह एवढाच, की मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी शासनाने जे देणे आहे ते दिले की नाही, हे मोजावे. आणि तो हिशेब लोकांपुढे ठेवावा.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. मंजूर पदे किती, भरलेली किती, महिन्यात वीज किती दिवस होती, या तीन गोष्टी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिल्या जाव्यात आणि ग्रामसभेत अधिकाऱ्यांनी त्यांचे लेखी उत्तर द्यावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांतून उभी करावी. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा, मुदत टळली तर अपील करून द्यावे. हे काम सभा-मोर्चांइतके गाजणार नाही. परंतु याच कामातून प्रश्न विचारणारी ग्रामसभा उभी राहील.