कॉफीच्या टेबलाशी दोन कामगार

शहरांतील वस्त्यावस्त्यांतून अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. कोपऱ्यावरच्या कॉफीगृहात सकाळीच एक तरुण येतो, लॅपटॉप उघडतो आणि दोन पेले कॉफीवर संध्याकाळपर्यंत तेथेच काम करतो. वातावरण निवांत असते, ‘उठा’ म्हणणारे कोणी नसते. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या याला नव्या युगाचे स्वातंत्र्य म्हणतात. या स्वातंत्र्याचे भाडे कोण भरतो, हे मात्र त्या विचारीत नाहीत.

कचेरीची जागा, वीज, खुर्ची हा मालकाचा खर्च होय. २०२० च्या महासाथीपासून रूढ झालेल्या ‘घरून काम’ पद्धतीने तो मुकाट्याने कामगाराच्या माथी आला. ज्याच्या घरात टेबल मांडण्यापुरतीही जागा नाही, तो कॉफीगृहाचा आश्रय घेतो. त्याने दिलेल्या कॉफीच्या किमतीत जागेचे भाडे असते आणि ते त्याच्या पगारातून जाते. शिवाय कचेरीचे दार बंद झाले की कामाचा दिवस संपे. आता दारच उरले नाही. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी रक्त सांडले. २०२३ साली मात्र आपल्याच देशातील एका बड्या उद्योगपतीने तरुणांना आठवड्याला ७० तास राबण्याचा उपदेश केला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी १४ तासांच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध बंगळुरूचे संघटित आयटी कर्मचारी रस्त्यावर उतरले.

याच बंगळुरूत कॉफीगृहाचा आणखी एक इतिहास घडला आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी यंत्रणेने १९३० च्या दशकात मुंबईपासून कॉफीगृहे सुरू केली होती. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करण्याचे ठरविले आणि शेकडो कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. कॉ. ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले की कॉफीगृहे तुम्हीच चालवा. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळुरूत कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली; त्याच वर्षी दिल्लीत आणि मार्च १९५८ मध्ये थ्रिसूरला ‘इंडियन कॉफी हाऊस’ उघडले. तेथे तासन्‌तास बसण्याची मुभा गिऱ्हाइकाला होती, आणि कॉफी आणून देणारा वाढपी त्या संस्थेचा सभासद होता.

भांडवलशाही बाजारात सहकारी संस्था हे एक बेटच असते. तिने शोषण संपत नाही, हे आपण जाणतो. तथापि मालकावाचून कामगार धंदा चालवू शकतात, याचा तो जिवंत पुरावा आहे.

आजच्या चकचकीत कॉफीगृहात दोन कामगार समोरासमोर असतात. एक बसून राबतो, दुसरा पाळीभर उभा राहून. पहिल्याला आपण कामगार आहोत याचीच जाणीव नसते. दुसऱ्याला ती असते, पण युनियन नसते. पहिल्याला निवांत वाटावे म्हणून दुसऱ्याने दिवसभर हसतमुख राहायचे, एवढाच त्यांचा संबंध उरला आहे.

गिरणीच्या फाटकावर हजारो कामगार एकत्र भेटत. घरोघरी विखुरलेल्या या नव्या कामगाराला फाटक नाही. कॉफीचे टेबल हेच आज त्याचे फाटक आहे. आपल्या साथींनी तेथे जाऊन बसले पाहिजे, आणि बोलायला आरंभ करताना वाढप्यालाही त्या संभाषणात घेतले पाहिजे.