ओळख सोडायची, पण कोणाची?

मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे मारुती कांबळी १९३३ मध्ये एका मित्राच्या आग्रहाने सिद्धरामेश्वर महाराजांकडे गेले. गुरूंनी सांगितलेली साधना थोडक्यात अशी : ‘मी आहे’ एवढी जाणीव धरून ठेवायची आणि तिला चिकटलेले बाकी सगळे पारखून बाजूला सारायचे. १९३६ मध्ये गुरूंनी देह ठेवला. त्यानंतर कांबळी घर-दुकान सोडून भ्रमंतीला निघाले आणि काही महिन्यांनी परत आले. त्यांच्या चरित्रात हे परतणेच आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेल्यावरही १९८१ पर्यंत ते खेतवाडीतच राहिले, भेटायला येणाऱ्यांशी मराठीतच बोलले. मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध केला आणि परदेशातले साधक त्या गल्लीचा पत्ता शोधत येऊ लागले.

‘मी आहे’ला चिकटलेले दुकानदार, नवरा, बाप, अमक्या गावचा, तमक्या जातीचा हे सगळे व्यवहारात खरेच असते. पण यातले प्रत्येक बिरूद कधीतरी येऊन चिकटलेले आहे. शरीर बदलते, मते बदलतात, तरी हा बदल ज्याला कळतो तो असतोच. तो कोण, हा शोध घेताना सोडायचा असतो तो बिरुदावरचा हक्क. त्यासाठी काम किंवा माणसे टाकावी लागत नाहीत. हे भल्याभल्यांना जड जाते, कारण ‘मी साहेब’ गेला की ‘मी साधक’ त्याच खुर्चीत येऊन बसतो.

मात्र ‘मीपण सोड’ हा उपदेश आपल्याकडे नेहमी कोणाला झाला, हेही पाहावे लागेल. लग्नात जिचे नाव बदलले, जिच्या आवडीनिवडी कोणी विचारल्या नाहीत, तिला त्याग शिकवायला सगळे पुढे. जातीमुळे ज्याचे माणूसपणच नाकारले गेले, त्याला ‘ओळख मिथ्या आहे’ हे सांगणे निर्दयपणाचे आहे. जे स्वतःचे म्हणून कधी हाती लागलेच नाही, ते तो सोडणार कसे? ही साधना ज्याची त्याने आपखुशीने, स्वतःवरच करायची असते. शिष्याने अहंकार टाकावा म्हणून त्याचा पैसा, विवेक आणि नकार देण्याचा अधिकार मागणाऱ्या गुरूला आधी त्याचे स्वतःचे ‘मी’ कुठे आहे, ते विचारावे. त्या प्रश्नाने तो संतापला, तर तिथून उठून यावे.