गाडी फाट्यावरच अडवा

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. विजेवरची पहिली ‘शिवाई’ही १ जून २०२२ रोजी याच रस्त्यावर आली. तरीही या रस्त्याकाठच्या गावांतली पोरं पुण्याला निघतात ती मोटारसायकलवर. राळेगणसिद्धीचं उदाहरण घ्या. गाव महामार्गापासून चार-पाच किलोमीटर आत. वाडेगव्हाण फाट्यापर्यंत गाडीनं यावं, पुढे एसटी पकडावी, इतकं सोपं. पण दिवसभर गाडी ठेवायची कुणाच्या भरवशावर? आणि एसटी थांबेलच कशावरून? मग तीच मोटारसायकल पुढचे ऐंशी किलोमीटर रेटायची.

‘पार्क अँड राइड’ म्हटलं की नियोजनकारांना मेट्रोच्या टोकाचा वाहनतळ दिसतो. पुणे मेट्रो मार्च २०२४मध्ये रामवाडीला पोचली. पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्रानं जून २०२५मध्ये मंजुरी दिली. मेट्रो हवीच. पण तिच्या दारात गाडी लावणारा आमचा माणूस शिरूर, रांजणगाव, शिक्रापूरची कोंडी आणि जिवाचा धोका पार करूनच आलेला असतो. वाचले ते शेवटचे काही किलोमीटर.

राळेगणनं महाराष्ट्राला नेमकं उलटं शिकवलं. पाणी ओढ्याला लागल्यावर नव्हे, माथ्यावर पडतं तिथंच अडवायचं. गाड्यांचंही तसंच. वाघोलीत पूर आल्यावर बांध घालून काय उपयोग?

‘फाट्यावर गाडी चोरीला जाईल’ म्हणणारे खरंच बोलतात. म्हणूनच छप्पर, दिवा आणि राखणदार हवा. काम बचत गटाला द्या, मोटारसायकलचे थोडे पैसे घ्या, सायकल फुकट ठेवू द्या. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ फलकावर लिहा आणि ती पाळा. परतायची खात्री नसेल तर गाडी मागे ठेवून कोण जाईल?

ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांचं काय? मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. पण फाट्यापर्यंत पोचताच येत नसेल तर ती सवलत कागदावरच राहते. एसटीच्या वेळेला जोडून गावातून शेअर रिक्षा सुटली पाहिजे.

आता आपल्याविषयी. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण कचेरीत खेटे घालतो, घालायलाच हवेत. एसटीच्या थांब्यासाठी मात्र ‘बघतील गाववाले’ म्हणतो. आपण गाववाले नाही का? जकातीच्या आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे. रस्त्यातली इजा दूर करणं हा सदका आहे. फाट्यावर ताटकळणारी मुलगी शेख की शिंदे, हे उन्हाला कळत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा सगळ्यांना ठाऊक आहेत. पुढच्या सभेत ठराव मांडा: फाट्यावर वाहनतळ, एसटीला पक्का थांबा, परतीची ठरलेली गाडी. ठरावाची प्रत आगार व्यवस्थापकांना द्या. आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.