नाव बीअर, आत सरबत

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा अमेरिकेतून आला. सामानातून कपड्यांत गुंडाळलेल्या दोन काचेच्या बाटल्या निघाल्या. तपकिरी काच, वर पत्र्याचं बूच आणि लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘रूट बीअर’. अम्मींनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, “तौबा! घर में बीयर?” भाचा हसत सांगत राहिला, “नानी, शरबत है, शरबत!”

मी काय केलं ते आधी कबूल करतो. मी इंग्रजी वाचू शकतो, लेबलवर ‘अल्कोहोल नाही’ असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. तरीही मी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या मागे ठेवल्या. शेजारच्यांनी फ्रिज उघडलाच तर? शाळेत मुलांना ‘धडा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका’ असं सांगणारा मी, शीर्षकालाच घाबरलो.

मग या पेयाबद्दल वाचलं. फिलाडेल्फियाचे औषध-विक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात ते लोकांपुढे आणलं. मुळं, साली, पानं यांचा हा काढा. सांगतात की त्यांना त्याचं नाव ‘मुळांचा चहा’ असं ठेवायचं होतं. पण खाणकामगार चहा कशाला विकत घेतील, म्हणून ‘बीअर’ झालं. हायर्स दारूबंदीच्या बाजूचे. दारूऐवजी लोकांनी हे प्यावं, असं त्यांना वाटायचं. आणि गंमत पाहा, १८९५ मध्ये दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेनेच ‘बीअर’ या नावामुळे त्यावर बहिष्कार घातला. पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली, त्यात अर्ध्या पावात असेल एवढाच मद्यांश निघाला, तेव्हा बहिष्कार उठला. म्हणजे आमच्या अम्मी एकट्या नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन्ही टोकं जुनीच आहेत. लोक दारूला दुसरं नाव देऊन पितील, असा इशारा हदीसमध्ये आहे. म्हणजे नाव बदलल्याने हराम वस्तू हलाल होत नाही. मग नुसत्या नावाने हलाल वस्तू हराम कशी होईल? खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं नबीज प्रेषित (स.) घेत असत, पण ते तीन दिवसांपर्यंतच, नंतर टाकून दिलं जाई. तिथे बघायचं ते पाणी आंबून नशा आणणारं झालं का, एवढंच. रूट बीअरलाही हीच कसोटी. काही छोटे कारखानदार ती यीस्ट घालून आंबवतात, तेव्हा थोडा मद्यांश तयार होतो. आमच्या बाटलीत यीस्ट नव्हतं, फेस वायू भरून आणलेला होता. म्हणून लेबल वाचायचं, नुसतं नाव नाही. ज्यांना दारूसारखं नावही नको वाटतं, त्यांच्या सावधपणाचा मला आदर आहे. पण नको म्हणणं वेगळं आणि न वाचता हराम म्हणणं वेगळं.

आता चव. रात्री जेवणानंतर गच्चीवर बसलो. मी, बायको, भाचा, अम्मी आणि शेजारी राहणारे आमच्या शाळेतले मराठीचे सर. पेपर तपासायची सवय, म्हणून पाच प्रश्न, प्रत्येकी वीस गुण.

रंग आणि फेस : काळपट तांबडा रंग, साईसारखा दाट फेस, बराच वेळ टिकणारा. १८.

वास : सर म्हणाले, “अहो, हा तर गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास!” बरोबर होतं. त्यात विंटरग्रीन असतं. आपल्या मलमांत घालतात तेच गंधपुऱ्याचं तेल. मलमाच्या मागून व्हॅनिला येतो. १३.

चव : ज्येष्ठमध, बडीशेपेसारखं काहीतरी आणि उश्बा. हकीम लोक रक्तशुद्धीसाठी उश्बा देतात. अमेरिकन लोक त्यालाच सार्सापरिला म्हणतात. आपल्या उपळसरीचा, म्हणजे अनंतमुळाचा, वासही याच घराण्यातला. पूर्वी मुख्य चव सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाची असे. त्यातलं सॅफ्रोल घातक ठरल्यावर १९६० मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली. १४.

गोडी : ३५५ मिलिलिटरच्या बाटलीत ४२ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे दहा चमचे. उसाची साखर वापरल्याचा लेबलवर मोठा अभिमान. पण साखर ती साखरच. ९.

मागे राहणारी चव : घशात थंडावा, जिभेवर हलकी कडवट मुळं. इथेच साध्या कोलापेक्षा हे वेगळं ठरतं. १६.

बेरीज ७०. प्रथम श्रेणी, विशेष योग्यता मात्र नाही. माझ्या मते इफ्तारला रूह अफजाची जागा हे घेणार नाही, आणि उन्हात गोटी सोड्याचीही नाही. पण रूह अफजा एका हकीमांनी बनवलं, हे एका औषधवाल्याने. दोन्ही दवाखान्यातून दस्तरख्वानावर आली, हे नातं मला आवडलं.

गच्चीवरून उतरताना एक गोष्ट मनात राहिली. नोकरीच्या सुरुवातीला मी बदलीच्या गावी खोली शोधत होतो. एका घरमालकांना खोलीही दाखवायची होती, भाडंही ठरलं होतं. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. “कळवतो” म्हणाले. अजून कळवायचं आहे. नाव वाचून माणसाचा निकाल लावणाऱ्यांचा मला राग येतो, आणि मी मात्र एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीमागे लपवतो. बाटली आणि माणूस यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण न तपासता शेरा मारायची सवय एकच असते. ती लहान गोष्टीत लागते आणि मोठ्या गोष्टीत वापरली जाते.

अम्मींनी लेबलवरचं सगळं भाच्याकडून वाचून घेतलं. मग बिस्मिल्लाह म्हणून दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “दवाखाने की बू आती है. मेरे को नहीं होना.” गुण त्यांनी दिले नाहीत. तरी माझ्या मते त्या रात्री सगळ्यात चांगलं परीक्षण त्यांचंच होतं : आधी विचारलं, मग चाखलं आणि मगच नाकारलं.

दुसरी बाटली आता फ्रिजच्या दारात उभी आहे, वर्तमानपत्राशिवाय.